फासा हुद्दा ओळखत नाही

फाशांचे नाव आपल्याकडे फार बदनाम आहे. फासा म्हटला की जुगार, आणि जुगार म्हटला की कौरवांची सभा डोळ्यांपुढे उभी राहते. राज्य गेले, भाऊ गेले, शेवटी पत्नीही पणाला लागली. आणि कीर्तनकारापासून शाळामास्तरापर्यंत सर्वांनी त्याचे खापर फाशांवर फोडले. पण सभापर्वातला तो प्रसंग जरा सावकाश वाचून पाहावा. आपल्याला सभेत न्यायला आलेल्या दूताला द्रौपदी एक प्रश्न विचारते आणि त्याला परत पाठवते. धर्मराज आधी स्वतःला हरले की आधी मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा प्रश्न सरळसरळ खेळाच्या नियमाचा आहे. सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून उत्तर टाळले. दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण तेवढा उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे स्पष्ट बोलला. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प बसवले. शकुनीचे कपट होतेच. परंतु त्या दिवशीचा खरा अनर्थ असा की, नियमाविषयी रास्त प्रश्न विचारला गेला आणि ज्यांच्या हाती निवाडा होता त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

मला आज ज्या इतिहासाविषयी बोलायचे आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. फासे टाकून खेळायचे डावपेचांचे खेळ गेल्या दोनशे वर्षांत कसे घडले, ते कोणी सुधारले आणि कोणी बिघडवले, याचा हा वृत्तांत आहे. कोणी म्हणेल, कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने लष्करी अधिकाऱ्यांच्या खेळांची उठाठेव का करावी? त्याचे कारण असे की, त्या खेळांत जो वाद माजला तोच आमच्या प्रत्येक कारखान्यात रोज चालतो. लेखी नियम मोठा की साहेबाचा शब्द मोठा? आणि खालच्या माणसाने जे डोळ्यांनी पाहिले, ते वर ऐकले जाते की नाही?

सुरुवात आपल्याच देशापासून करू. बुद्धिबळ म्हणजे निव्वळ बुद्धीचा खेळ, त्यात दैवाला जागा नाही, अशी आपली समजूत आहे. पण अकराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या अल्बेरुनीने इथल्या चतुरंगाचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात चौघे जण एका पटावर बसतात आणि कोणते मोहरे हलवायचे ते फासे ठरवतात. म्हणजे बुद्धी आणि दैव यांना एका पटावर बसवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पुढे बुद्धिबळ युरोपात स्थिरावले ते फाशावाचून. १७८० साली ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने त्यावरून लढाईचा मोठा पट तयार केला. त्यावर डोंगर होते, नद्या होत्या, तोफा होत्या. पण मूळ स्वभाव बुद्धिबळाचाच राहिला. मोहरा मोहऱ्यावर गेला की समोरचा मेला, त्यात संशय नाही.

लढाई अशी नसते हे ज्याने पटावर आणले, तो प्रशियाच्या तोफखान्यातला एक तरुण लेफ्टनंट होता. राइसव्हिट्झ हे त्याचे आडनाव. त्याचे वडील ब्रेस्लाउ येथे मुलकी अधिकारी होते आणि त्यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम ह्याच्यासाठी एक सुंदर युद्धपट करून दिला होता. जमिनीचे उंचसखल तुकडे जुळवून मेजावर हवा तसा प्रदेश मांडता येई. राजघराण्याला ते खेळणे आवडले. पण ते राजवाड्यातच राहिले. मुलाने ते मेजावरून उतरवून कागदाच्या नकाशावर आणले. नकाशाचे प्रमाण आठ हजारास एक. म्हणजे एक किलोमीटर रान पटावर साडेबारा सेंटिमीटर भरते. लाल आणि निळ्या रंगाचे धातूचे छोटे ठोकळे म्हणजे दोन बाजूंच्या पलटणी. एक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ, आणि त्या दोन मिनिटांत पायदळ किंवा घोडदळ जेवढे चालेल तेवढेच ठोकळ्याने सरकायचे. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. पंच ठोकळे हलवी आणि ज्या सैन्याला जे प्रत्यक्ष दिसले असते तेवढेच त्या बाजूला दाखवी. टेकडीपलीकडचा शत्रू पटावरही टेकडीपलीकडेच राही.

आणि गोळागोळी सुरू झाली की फासा पडे. शार्नहोर्स्ट ह्या सेनापतीने बंदुका आणि तोफा यांच्या माऱ्याचे प्रयोग करवून किती अंतरावर किती गोळ्या लागतात याचे आकडे जमवले होते. राइसव्हिट्झने ते आकडे घेतले. पण नुसती सरासरी घेतली नाही. लेथवर काम केलेल्या माणसाला यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. ड्रॉइंगवर माप एक असते. शंभर नग काढले की काही केसभर जाड निघतात, काही केसभर बारीक. सरासरी खरी असते आणि तरी एकेक नग वेगळा असतो. बंदुकीच्या फैरीचेही तसेच. एखादी फैर फुकट जाते, एखादी पलटण उडवते. राइसव्हिट्झने हा फरक फाशांच्या बाजूंवर उतरवला. कुठे किती सैन्य, केव्हा, कोणत्या वाटेने न्यायचे हे खेळणाऱ्याच्या बुद्धीवर. आणि चकमकीत नेमके काय घडले हे फाशावर. ज्याची योजना एकाच दानावर उभी असेल, तो ते दान उलटे पडले की कोसळे. ज्याने उलट्या दानाची तरतूद करून ठेवली असेल, तो टिके.

हा खेळ एकट्याच्या डोक्यातून पुरा बाहेर पडला नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. बर्लिनमधल्या आपल्यासारख्याच तरुण अधिकाऱ्यांना जमवून राइसव्हिट्झ तो खेळत असे आणि खेळून खेळून नियम घासले गेले. राजपुत्र विल्हेल्म, जो पुढे जर्मनीचा सम्राट झाला, त्याच्या कानी ही वार्ता गेली. त्याने तो पाहिला आणि जनरल स्टाफचे प्रमुख फॉन म्यूफ्लिंग ह्यांच्याकडे शिफारस केली. १८२४ साली म्यूफ्लिंग खेळ पाहायला बसले ते काहीशा अनिच्छेने. ठोकळे सरकू लागले, हुकूम लिहिले जाऊ लागले, तसतसा वृद्ध सेनापतीचा चेहरा पालटत गेला. आणि शेवटी हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. त्यांनी लष्करी साप्ताहिकातून त्याचा पुरस्कार केला आणि खेळाचे संच पलटणींमध्ये गेले.

कर्त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. १८२६ साली राइसव्हिट्झची बदली तोर्गाउच्या किल्ल्यावर झाली. त्याला बढती होती, पण ही बदली म्हणजे आपल्याला दूर सारणे आहे असे त्याच्या मनाने घेतले. १८२७ साली त्याने स्वतःला गोळी घातली. पुढच्याच वर्षी, १८२८ साली, बर्लिनमधल्या अधिकाऱ्यांच्या एका मंडळाने त्याच्या नियमांना पुरवणी छापली. त्यांनी तो खेळ वर्षानुवर्षे खेळला होता. कुठे नियम अडतो, कुठे तुटतो, कुठे तो खऱ्या लढाईशी जुळत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. तेवढेच त्यांनी दुरुस्त केले. कर्ता गेला तरी खेळ जगला, तो त्या खेळणाऱ्यांच्या ह्या अभिप्रायामुळे.

आता वादाकडे वळू. प्रशियाने १८६६ साली ऑस्ट्रियाला आणि १८७०-७१ साली फ्रान्सला हरवले, तेव्हा इतर देशांना त्यांच्या खेळाचीही उत्सुकता वाटू लागली. इंग्रजीत त्याचे नियम १८७२ साली कॅप्टन बेअरिंग ह्याने तयार केले. हाच बेअरिंग त्याच साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्याचा खाजगी चिटणीस म्हणून हिंदुस्थानात आला, नंतर इथला अर्थमंत्री झाला आणि पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून इजिप्तवर हुकमत गाजवून गेला. पण खुद्द जर्मनीत मात्र ह्याच सुमारास खेळाविषयी कुरकुर सुरू झाली होती. कोष्टके फार, हिशेब फार, पंचाची तयारी फार. दोन मिनिटांची लढाई निकालात काढायला कितीतरी अधिक वेळ जाई. १८७३ साली मेकेल नावाच्या अधिकाऱ्याने ही टीका केली आणि १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनापतीने त्यावर जालीम उपाय सांगितला. कोष्टके मिटवा आणि फासे ठेवून द्या. पंच अनुभवी सेनापती आहे. चकमकीत काय झाले असते हे त्याला आपल्या अनुभवावरून सांगता येते. तो सांगेल तो निकाल.

व्हेर्डीची तक्रार खोटी नव्हती, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. करारात शंभर कलमे घातली तरी एकशे एकावा प्रसंग उभा राहतोच, आणि तिथे शहाण्या माणसाचा विवेक लागतोच. निव्वळ कलमांवर बोट ठेवून कारखाना चालत नाही, तसा निव्वळ कोष्टकांवर खेळही चालत नाही. पण आमच्या लोकांनी लेखी नियमासाठी एवढा झगडा का केला, तेही आठवावे. नोकरीच्या अटी मालकाने लिहून काढून प्रमाणित करून घ्याव्यात असा कायदा आपल्याकडे १९४६ साली झाला. त्याआधी अनेक ठिकाणी नियम म्हणजे त्या दिवशी वरिष्ठाला जे वाटेल ते. वरिष्ठ सज्जन असला तर ते चांगलेच असे. पण तो सज्जन नसला, किंवा सज्जन असूनही त्या दिवशी चुकला, तर त्याला ‘साहेब, असे नाही’ म्हणणारे खात्यात काहीच नसे. फासा काढून टाकल्यावर जर्मन पटावर नेमके हेच झाले. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत जिथे प्रत्येक जण वरच्याला सलाम करतो, त्या खोलीत फासा ही एकच वस्तू अशी होती की जिला कोण किती मोठा हे ठाऊक नव्हते. तीच उचलून पेटीत ठेवली गेली. अर्थात सगळीकडे नाही. कोष्टकांचा पक्ष आणि विवेकाचा पक्ष दोन्ही पुढे नांदले, आणि पुष्कळ देशांनी दोहोंचे मिश्रण केले.

अशा मिश्र खेळात फासा आणि हुद्दा समोरासमोर आले तर काय होते, याचे उदाहरण जपानने दिले. प्रशियन रणखेळाची दीक्षा जपानी लष्कराला जवळून मिळाली होती. वर सांगितलेला मेकेल स्वतः १८८५ ते १८८८ ह्या काळात तोक्योच्या लष्करी विद्यालयात शिकवत होता. जपानी नौदलातही असे खेळ रुजले. १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभी ‘यामातो’ ह्या प्रचंड युद्धनौकेवर मिडवे बेटावरील चढाईची रंगीत तालीम पटावर खेळली गेली. अध्यक्षस्थानी होते संयुक्त आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ रिअर अॅडमिरल उगाकी. जपानी विमानवाहू नौकांची विमाने बेटावर हल्ल्यासाठी गेली असता, अमेरिकेची बाजू खेळणाऱ्यांची विमाने त्या नौकांवर आली. ओकुमिया नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे पंचाचे काम होते. त्याने नियमाप्रमाणे फासे टाकले. नऊ बाँब लागले. ‘अकागी’ आणि ‘कागा’ ह्या दोन नौका बुडाल्या.

उगाकींनी निकाल बदलला. नऊ नव्हे, तीनच बाँब लागले असे धरा, असे त्यांनी सांगितले. ‘कागा’ बुडाली आणि ‘अकागी’ला किरकोळ इजा झाली, असे ठरले. पुढच्या टप्प्यात, न्यू कॅलेडोनिया आणि फिजीकडच्या मोहिमेच्या खेळात, बुडालेली ‘कागा’सुद्धा समुद्राच्या तळातून वर येऊन पुन्हा पटावर हजर झाली. हा वृत्तांत ओकुमिया आणि वैमानिक फुचिदा ह्या दोघांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात दिला आहे.

पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. ४ जून १९४२ ह्या दिवशी मिडवेच्या लढाईत अमेरिकी विमानांनी ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ ह्या तीन नौका काही मिनिटांत पेटवल्या. त्याच दिवशी दुपारनंतर ‘हिर्यू’चाही तोच शेवट झाला. सुमारे तीन हजार जपानी माणसे त्या लढाईत गेली. गोष्ट इथेच संपवली तर टाळ्या पडतील. फाशाचे न ऐकणाऱ्याची कशी खोड मोडली म्हणून. परंतु इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा. उगाकींचा हिशेब एका अर्थी बरोबर होता. बेटावरून उडालेल्या विमानांना नऊ बाँब लागणे फार झाले असेच कोणीही जाणता म्हणाला असता. आणि प्रत्यक्ष लढाईत मिडवेवरून आलेल्या विमानांचा एकही बाँब जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. घात केला तो अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी. इतकेच काय, आपली विमाने बेटावर गुंतली असताना शत्रूच्या विमानवाहू नौका बाजूने प्रकटल्या तर तुमची योजना काय, असा प्रश्न त्या तालमीत विचारला गेला, तो खुद्द उगाकींनीच विचारला होता. त्याला नागुमो ह्यांच्या ताफ्याकडून जे उत्तर आले ते मोघम होते. ते मोघम आहे हे दिसत असूनही खेळ पुढे सरकला.

म्हणून ह्या प्रसंगाचा बोध मी थोडा वेगळा काढतो. फाशाचे दान हा काही वेदवाक्यासारखा निकाल नसतो. आकडा चुकीचा असू शकतो, कोष्टक चुकीचे असू शकते, ते बदलावेही. पण दान प्रश्न विचारते: ‘असे झाले तर?’ नऊचे तीन केल्याने आकडा दुरुस्त झाला आणि प्रश्न मात्र पुसला गेला. त्यावर थांबून, दोन्ही नौका गेल्या असे धरून पुन्हा डाव मांडला असता, तर मोघम उत्तर देणाऱ्याला नेमके उत्तर शोधावे लागले असते. खेळात मेलेली नौका उठवणे सोपे असते. समुद्रात ते जमत नाही.

त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, लिव्हरपूलमध्ये, दुसरा एक पट मांडला गेला होता. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनचा अन्नपुरवठा तोडत होत्या. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त केलेला गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा अधिकारी १९४२ च्या आरंभी परत बोलावला गेला आणि डर्बी हाउस ह्या इमारतीत त्याला काही खोल्या आणि मदतीला नौदलाच्या महिला दलातल्या मुली मिळाल्या. त्यांपैकी कित्येक विशीतल्या. खोलीच्या जमिनीवर चौकटी आखून समुद्र केला. जहाजांचे कप्तान कापडी पडद्यांमागे बसत आणि झरोक्यातून त्यांना प्रत्यक्षात दिसले असते तेवढेच दिसे. पाणबुडीची वाट अशा रंगाच्या खडूने आखीत की ती त्यांच्या डोळ्यांना दिसू नये. एक खेळी दोन मिनिटांची. एकशे अठरा वर्षांपूर्वीचा राइसव्हिट्झ त्या खोलीत आला असता तर त्याला आपले घर ओळखता आले असते.

तोवर कप्तानांची समजूत अशी होती की पाणबुडी काफिल्याच्या बाहेरून मारा करते. पुन्हा पुन्हा खेळून पाहिल्यावर रॉबर्ट्स आणि त्याच्या सहायक मुलींच्या ध्यानात आले की ती काफिल्याच्या आत शिरून मारा करते आणि मग खाली बुडी मारून मागच्या बाजूने निसटते. त्यावर त्यांनी नवा डावपेच बसवला. त्याला ‘रास्पबेरी’ हे चेष्टेचे नाव जीन लेडलॉ ह्या मुलीने दिले. सरसेनापती नोबल आधी साशंक होते. त्यांना तो जमिनीवर खेळून दाखवला, आणि त्यांनी आपले मत बदलले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या जागी आलेले अॅडमिरल हॉर्टन स्वतः नावाजलेले पाणबुडीवाले. ते पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि पाच वेळा हरले. हरवणारी कोण, तर जॅनेट ओकेल नावाची विशीतली मुलगी. ती कधी समुद्रावर लढायला गेलेली नव्हती. हॉर्टन ह्यांना राग आला असे सांगतात. पण तो निकाल त्यांनी खोडला नाही, आणि शाळा चालू राहिली. युद्ध संपेपर्यंत तिथून हजारो अधिकारी शिकून गेले. ‘यामातो’वर निकाल बदलणारा पुरुष बुद्धीने कमी होता असे नाही. फरक एवढाच की, एका खोलीत खालच्याचे म्हणणे निकाल म्हणून टिकले आणि दुसऱ्या खोलीत ते सूचना म्हणून बाजूला सारले गेले.

युद्धे संपली आणि फासे लष्करातून पुन्हा घरांत आले. हा शेवटचा टप्पा अमेरिकेतला, आणि त्याची नाळही प्रशियाशीच जुळते. तिथल्या टॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८० च्या सुमारास ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाने रणखेळाचे पुस्तक लिहिले होते. ते विस्मृतीत गेले. मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती ते १९६० नंतरच्या दशकात ग्रंथालयात पडले, आणि त्यातले एक तत्त्व त्याला फार भावले: खेळणाऱ्याने काहीही करू पाहावे, त्याचे काय होते ते पंच ठरवील. १९६९ साली त्याने मित्रांसाठी एक डाव रचला. जर्मनीतले एक काल्पनिक गाव, दोन सैन्ये चालून येत आहेत, आणि गावातला कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, अशा भूमिका. लढाई सुरू होण्यापूर्वीच सगळे खेळाडू इकडेतिकडे पांगले, आपसांत खलबते करू लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी करू म्हणू लागले. दोघांनी तर द्वंद्वाचे आव्हान दिले. वेझलीला वाटले, आपला डाव पार फसला. खेळणाऱ्यांनी मात्र विचारले, पुढचा डाव केव्हा?

त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने ती कल्पना उचलून आपल्या घरी वाढवली. पुढे विस्कॉन्सिनमधला गॅरी गायगॅक्स त्याला मिळाला. गायगॅक्सची विम्याच्या कचेरीतली नोकरी गेली होती आणि तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होता. त्याची मुले आणि मित्र हेच खेळाचे पहिले पारखी. १९७४ साली ह्या दोघांच्या नावाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, फक्त एक हजार प्रती. आज त्याचे नाव जगभर आहे. श्रेयावरून दोघे पुढे न्यायालयात गेले, हेही नमूद केले पाहिजे. पुष्कळांच्या खेळण्यातून घडलेल्या वस्तूवर नाव मोजक्यांचेच पडते, हा अनुभव कामगारांना नवा नाही.

आज जगभर, आणि आपल्याकडेही, एकट्यादुकट्याने खेळ तयार करणाऱ्यांची एक पिढी आली आहे. पाठीशी कंपनी नाही, भांडवल नाही. पट घरी छापायचा, फासे बाजारातून आणायचे आणि अनोळखी माणसांना विनवायचे की एकदा खेळा आणि काय वाटले ते सांगा. आमच्या युनियनमध्ये असा एक तरुण टर्नर आहे. त्याने अभ्यासवर्गासाठी संपाचा खेळ केला. एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला कामगार. संपनिधी म्हणून चिंचोके. दर आठवड्याला काय करायचे ते दोन्ही बाजू लिहून देतात, आणि मग फासा पडतो. ऑर्डर रद्द होते, पाऊस लागतो, शाळेची फी भरायची वेळ येते. एका रविवारी चार मेजांवर आम्ही तो खेळलो. खेळ संपल्यावर जुन्या पुढाऱ्यांनी ‘छान आहे, उपयुक्त आहे’ असे सांगितले. त्याचा त्या पोराला काडीचा उपयोग नव्हता. सफाईचे कंत्राटी काम करणाऱ्या एक मावशी मात्र म्हणाल्या, “दादा, चारी मेजांवर सहाव्या आठवड्याला चिंचोके संपले. पण ह्यात किराणावाला कुठाय? उधारी मिळाली तर संप टिकतो, नाय मिळाली तर मोडतो. त्याचा फासा पायजे.”

ह्या चार वाक्यांत अभिप्रायाचे सगळे शास्त्र आले. त्यांनी मेजावर काय घडले ते आधी सांगितले: कितव्या आठवड्याला काय संपले. मग पटावर काय नाही ते सांगितले, आणि ते स्वतःच्या जगण्यातून सांगितले. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपावर किती ग्रंथ लिहिले गेले. अडीच लाख माणसे घरी बसली होती. अशा वेळी घरातल्या बाईला जे ठाऊक असते ते सभेच्या ठरावात येत नाही. त्या तरुणाने आपल्या खेळाची वकिली केली नाही. त्याने वही काढून ते लिहून घेतले, आणि पुढच्या खेपेला पटावर किराणा दुकान होते. तिथे दान उलटे पडले की चिंचोके भराभर जातात, आणि कामगारांच्या बाजूला तडजोडीचा विचार वेळेवर करावा लागतो. खेळ अवघड झाला आणि खरा झाला.

श्रोत्यांपैकी कोणाच्या हाती एखाद्या होतकरू कर्त्याने असा पट दिला, तर त्याला नाही म्हणू नये, अशी माझी विनंती आहे. संध्याकाळ द्यावी. नियम त्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी कागदावरून वाचावेत, म्हणजे कागद कुठे अपुरा आहे ते कळेल. दान नकोसे पडले तर ते फिरवू नये. नकोशा दानानंतर काय करावे लागले तेच कर्त्याला हवे असते. मत सांगण्याआधी घडलेली हकिकत सांगावी. आणि ब्रिटिश लष्करी न्यायालयात एक जुना प्रघात आहे, तो घरच्या मेजावरही पाळावा. तिथे निकालाचे मत देताना सर्वांत कनिष्ठ सभासदाने प्रथम बोलायचे असते, कारण वरिष्ठ आधी बोलला की कनिष्ठाचे मत तोंडातच विरते. आमच्या अभ्यासवर्गात आता तोच नियम आहे. डाव संपला की मेजावरचा सर्वांत धाकटा माणूस आधी बोलतो, आणि अध्यक्ष शेवटी.